एफआयटीसी लेबलिंगनंतर पीक बसतोय? कॅपिलरी बदलण्याआधी हे तपासा

वाईनमधलं हिस्टामिन, पुट्रेसिन, कॅडाव्हेरिन (हे नायट्रोजनवाले रेणू म्हणजे अमाइन) कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसवर, म्हणजे केसासारख्या बारीक नळीत विजेच्या जोरावर रेणू वेगळे करणाऱ्या यंत्रावर, मोजायचं तर आधी त्यांना चमकणारा टॅग लावावा लागतो. हे रेणू स्वतःहून डिटेक्टरला फारसे दिसत नाहीत. यंत्रात ४८८ नॅनोमीटरचा लेझर असेल तर एफआयटीसी, म्हणजे फ्लुरेसिन आयसोथायोसायनेट, हा सर्वांत सोयीचा अभिकारक. नाशिक पट्ट्यात वाईनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. मॅलोलॅक्टिक फर्मेंटेशनमध्ये, म्हणजे जिवाणू मॅलिक आम्लाचं लॅक्टिक करतात त्या टप्प्यात, हे अमाइन वाढतात, त्यामुळे ते संपत आलं की नमुन्यांची रांग लागते, आणि नेमका त्याच वेळी हा बिघाड डोकं वर काढतो. पीक, म्हणजे डिटेक्टरच्या आलेखावरचा त्या रेणूचा उंचवटा, बसतो म्हणजे लहान येतो, दुभंगतो, नाहीतर गायबच होतो. मग कॅपिलरी बदलली जाते, बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) बदलला जातो, लेझरवर संशय घेतला जातो. दोष मात्र बहुतेक वेळा २०० मायक्रोलिटरच्या रिअ‍ॅक्शन व्हायलमध्ये बसलेला असतो.

आधी लक्षण नीट ओळखा

स्टँडर्डचा (माहीत तीव्रतेच्या शुद्ध अमाइनचा) पीक छान आणि वाईनचा बसलेला: व्हायलमधलं रसायन बिघडलंय. तपासणी ३ आणि ४ बघा.

स्टँडर्ड आणि नमुना दोन्ही बसलेले: एफआयटीसी मेलंय किंवा डिटेक्शनमध्ये गडबड आहे. तपासणी १ दोन्ही वेगळं करून दाखवते.

ब्लँकमध्येच (नमुन्याऐवजी पाणी घातलेल्या व्हायलमध्ये) मोठे अनोळखी पीक: पाणी, बफर किंवा हवेतला अमोनिया.

प्रत्येक घटकाचे दोन-दोन पीक: बाटलीवरचं लेबल वाचा. फक्त पुट्रेसिन आणि कॅडाव्हेरिनचे दोन-दोन असतील तर कारण वेगळं आहे, तेही पुढे येतंय.

पीक दर रनला पुढे-मागे सरकतोय, करंट नाचतोय किंवा शून्य आहे: हा डेरिव्हटायझेशनचा, म्हणजे टॅग लावण्याच्या अभिक्रियेचा, दोष नाही. तरीही तपासणी १ वगळू नका.

वेगळं सांगितलं नसेल तिथे पुढचे आकडे या कृतीवर धरले आहेत: वाईन २० पट डायल्यूट करून १०० मायक्रोलिटर, ५० मिलिमोलर बोरॅक्स (सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ९.५ केलेला) ८० मायक्रोलिटर, आणि कोरड्या अ‍ॅसिटोनमधलं १० मिलिमोलर एफआयटीसी २० मायक्रोलिटर. अंधारात, २५ अंश सेल्सिअसला, रात्रभर. इंजेक्शनआधी पाण्याने २० पट डायल्यूट. कॅपिलरी ५० मायक्रॉन आतल्या व्यासाची, एकूण लांबी ६० सेंटिमीटर, रनिंग बफर २० मिलिमोलर बोरॅक्स, व्होल्टेज २० किलोव्होल्ट.

१. नुसतं फ्लुरेसिन इंजेक्ट करा

खर्च जवळजवळ शून्य, वेळ एका रनचा. सोडियम फ्लुरेसिनचे ३७.६ मिलिग्रॅम १०० मिलिलिटर रनिंग बफरमध्ये विरघळवले की १ मिलिमोलर होतं. ते बफरनेच १०० पट, पुन्हा १०० पट आणि शेवटी १० पट डायल्यूट करा. हातात १० नॅनोमोलर येतं. ०.५ पीएसआयला ५ सेकंद इंजेक्ट करा. या मापाच्या कॅपिलरीत म्हणजे साधारण ५ नॅनोलिटर.

फ्लुरेसिनला कुठलीही अभिक्रिया लागत नाही, म्हणून ही तपासणी एका झटक्यात प्रश्नाचे दोन तुकडे करते. पीक नेहमीच्या उंचीचा आणि नेहमीच्या जागी आला तर लेझर, डिटेक्टर, कॅपिलरी, बफर सगळं धडधाकट आहे, व्हायलकडे वळा. हाही बसला तर थेट तपासणी ६ गाठा. मात्र 'नेहमीची उंची' कळायला यंत्र चांगलं चालत असतानाचा एक रन जपलेला हवा. तो नसेल तर यंत्र ठीक असलेल्या पहिल्या दिवशी करून ठेवा. फ्लुरेसिनची चमक पीएच ७ च्या खाली झपाट्याने उतरते, तेव्हा ही डायल्यूशन नुसत्या पाण्यात किंवा आम्लधर्मी बफरमध्ये करून तुलना करू नका.

२. लेबल, अ‍ॅसिटोन आणि ब्लँक

एफआयटीसीच्या बाटलीवर 'आयसोमर १' लिहिलंय का ते बघा. स्वस्त मिळतं म्हणून मिश्र आयसोमर (तेच अणू, पण जोडणी वेगळी असलेल्या दोन रूपांचं मिश्रण) मागवलं गेलं असेल तर प्रत्येक अमाइन दोन पीक देणारच, आणि जगातली कुठलीही कॅपिलरी ते एक करणार नाही.

बाटली उणे २० अंशांतून काढून लगेच उघडायची नाही. ती खोलीच्या तापमानाला आल्यावर उघडायची, नाहीतर आतल्या पुडीवर दव धरतं आणि आयसोथायोसायनेट गट पाण्याशी भिडून निकामी होतो. जुलै-ऑगस्टमध्ये, बाहेर संततधार असताना, अशी एक चूक अख्खी बाटली घालवायला पुरेशी असते. पुडी वजन करताना मास्क आणि फ्युम हूड वापरा. या पदार्थाच्या धुळीने श्वासाची अ‍ॅलर्जी होऊ शकते.

१० मिलिमोलर म्हणजे १ मिलिलिटर अ‍ॅसिटोनमध्ये ३.९ मिलिग्रॅम. अ‍ॅसिटोन उडतं, त्यामुळे सैल झाकणाच्या व्हायलमधलं द्रावण दुपारपर्यंत आपोआप घट्ट होतं. लागेल तेवढंच, त्याच दिवशी करा. कुणी त्याऐवजी डीएमएसओ हा द्रावक वापरत असेल तर त्याचा गोठणबिंदू साडेअठरा अंशांच्या आसपास आहे हे ध्यानात असू द्या. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या सकाळी ही बाटली गोठलेली सापडते. अर्धवट वितळलेल्या बाटलीतून पिपेट भरायचं नाही. पूर्ण वितळवून, ढवळून मग घ्या.

आता ब्लँक: नमुन्याऐवजी पाणी, बाकी सगळं तसंच. एफआयटीसीचे स्वतःचे आणि त्याच्या विघटनाचे दोन-तीन मोठे पीक येणं रीतसर आहे. त्याखेरीज काही दिसलं तर क्रमाने संशय घ्या. कुणी ट्रिस बफर वापरलाय का? ट्रिसमध्ये स्वतःचा अमाइन गट असतो, तो एफआयटीसी फस्त करतो. पाणी जुनं आहे का? प्लास्टिकच्या कॅनमध्ये आठवडाभर पडून राहिलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि त्यांच्यासोबत अमिनो आम्लं येतात. काच किंवा फरशी पुसायला अमोनियावालं क्लीनर वापरलंय का? अमोनियाही लेबल होतो. द्राक्षरसात यीस्टसाठी डायअमोनियम फॉस्फेट घातलं असेल तर नमुन्यातच अमोनिया भरपूर असतो. तो ब्लँकचा दोष नाही, पण अभिकारक तोही खातो.

३. मिश्रणाचा पीएच: इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त वेळा दोष सापडतो तो इथेच.

एफआयटीसी फक्त प्रोटॉन नसलेल्या अमाइनशी जोडलं जातं. पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंवर प्रोटॉन बसलेला असतो तो आकडा) ९.८ च्या आसपास असलेला अमाइन घ्या. पीएच ९.५ ला त्याचे सुमारे ३३ टक्के रेणू अभिक्रियेला मोकळे असतात. पीएच ८.२ ला फक्त अडीच टक्के. म्हणजे बफरच्या बाटलीवर ९.५ लिहिलेलं असूनही व्हायलमध्ये पीएच घसरला असेल तर वेग तेरा पटींनी मंदावतो, आणि रात्रभर ठेवूनही पीक बसलेलाच राहतो.

पीएच घसरवते वाईन. आम्लता टार्टरिकच्या हिशोबात लिटरला ६ ग्रॅम धरली तर ती लिटरला ८० मिलिइक्विव्हॅलंट (आम्ल मोजायचं एकक) होते. वाईन डायल्यूट न करता १०० मायक्रोलिटर घातली तर ८ मायक्रोइक्विव्हॅलंट आम्ल व्हायलमध्ये गेलं. साधा, पीएच न वाढवलेला २० मिलिमोलर बोरॅक्स १०० मायक्रोलिटर असेल तर त्यात आम्ल पेलायला जेमतेम ४ आहेत, म्हणजे बफर पहिल्या झटक्यात संपला. ५० मिलिमोलर असेल तर १० आहेत. ८ खर्च होऊन पीएच ८.३ च्या आसपास येतो. स्टँडर्ड पाण्यात केलेलं असतं, त्याला ही अडचण येतच नाही. म्हणूनच स्टँडर्डचा पीक छान आणि वाईनचा बसलेला. २० पट डायल्यूट केल्यावर आम्ल ०.४ वर येतं आणि बफर निवांत राहतो.

द्राक्षरसात आणखी एक गोम आहे. बोरेट शर्करांशी, विशेषतः फ्रुक्टोजशी, जोडी जमवतं आणि त्या जोडणीत प्रोटॉन सुटतो. २२ ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) रसात लिटरला दोनशे ग्रॅमहून जास्त साखर असते; ती बोरेट बफरची ताकद आतून पोखरते. रसासाठी बोरॅक्सचा हट्ट सोडा आणि १०० मिलिमोलर सोडियम कार्बोनेट-बायकार्बोनेट, पीएच ९.५ ते ९.८, वापरा, रस ५० पट डायल्यूट करा. न डायल्यूट केलेल्या रसात कार्बोनेट ओतलं तर फेस येतो, तो कार्बन डायऑक्साइड. तसं झालं की पीएचवरचा विश्वास सोडून द्यायचा.

मोजायची पद्धत अशी. एफआयटीसी स्वतः पिवळं-केशरी असतं आणि पट्टीचा रंग फसवतं, म्हणून त्याच्या जागी २० मायक्रोलिटर नुसतं अ‍ॅसिटोन घालून एक खोटी व्हायल करा. त्यातले २ मायक्रोलिटर ८ ते १० च्या अरुंद पल्ल्याच्या पीएच पट्टीवर टेकवा. ९.२ ते ९.८ हवं. कमी आलं तर नमुना आणखी डायल्यूट करा किंवा बफरची तीव्रता वाढवा. १० च्या वर न्यायचा मोह टाळा. तिथे एफआयटीसी अमाइनपेक्षा पाण्याशीच जास्त भिडायला लागतं.

बफर घट्ट करायचा म्हणून १०० मिलिमोलर बोरॅक्स करून ठेवलंय आणि थंडीत बाटलीच्या तळाशी चकचकीत खडे बसलेत, असं असेल तर वरचं द्रावण १०० राहिलेलं नाही. कोमट पाण्यात बाटली ठेवून खडे पूर्ण विरघळवा, मग वापरा. निफाडकडच्या थंडीत तर ५० मिलिमोलरच बरं.

४. अमाइनची मोजदाद

पीएच बरोबर असूनही वाईनचाच पीक लहान असेल तर हिशोब मांडा. वाईनमध्ये सगळ्यात जास्त भरणा प्रोलिन या अमिनो आम्लाचा, लिटरला कित्येकदा शेकडो मिलिग्रॅम. ५०० मिलिग्रॅम म्हणजे ४.३ मिलिमोलर. डायल्यूट न केलेली वाईन अर्ध्या प्रमाणात घातली तर व्हायलमध्ये प्रोलिन २.२ मिलिमोलर आणि एफआयटीसी १ मिलिमोलर. प्रोलिननेच सगळं गिळलं. हिस्टामिनच्या वाट्याला काही उरलं नाही. २० पट डायल्यूट केल्यावर प्रोलिन ०.११ मिलिमोलर होतं आणि अभिकारक नऊ पट जास्त राहतो. बाकीची अमिनो आम्लं धरली तरी पाचेक पट तरी हवाच.

मग १०० पट का नाही? लिटरला २ मिलिग्रॅम हिस्टामिन म्हणजे १८ मायक्रोमोलर. २० पट डायल्यूशन आणि व्हायलमधली निम्मी वाटणी धरून ते ०.४५ मायक्रोमोलर होतं. यापेक्षा फार खाली गेलं की एफआयटीसीची अभिक्रिया रेंगाळते आणि पीक विघटनाच्या पीकच्या सावलीत जातो. २० ते ५० पट हा मधला रस्ता. ओपीए हा दुसरा अभिकारक वापरून प्रोलिन टाळता येईल, कारण तो प्रोलिनसारख्या दुय्यम अमाइनशी जोडलाच जात नाही. पण त्याचे डेरिव्हेटिव्ह टिकत नाहीत आणि त्यांना ३४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश लागतो. ४८८ च्या लेझरला ते दिसणार नाहीत.

पुट्रेसिन आणि कॅडाव्हेरिनला दोन-दोन अमाइन गट आहेत. अभिकारक किंवा वेळ अपुरा पडला की काही रेणूंना एक टॅग लागतो, काहींना दोन. ते वेगळे धावतात आणि दोन पीक दिसतात. अभिकारक दुप्पट करून बघा: एक पीक खचत जाऊन दुसरा वाढला तर निदान पक्कं. दोन्हींची बेरीज करून आकडा काढण्याचा शॉर्टकट घेऊ नका, दोन टॅगवाल्याची चमक एका टॅगच्या दुप्पट असेलच असं नाही.

इथेच अंतर्गत मानकाचा उपयोग. वाईनमध्ये नसलेला अमाइन, उदाहरणार्थ हेप्टिलअमाइन, अभिक्रियेच्या आधी सगळ्या व्हायलमध्ये सारखा घाला. तोही बसला तर अभिक्रिया अपुरी. तो ठीक आणि हिस्टामिन बसलं, तर अडचण नमुन्याच्या तयारीत.

५. वेळ, उष्णता, रेड वाईन

'खोलीचं तापमान' हा शब्द नाशिकमध्ये फसवा आहे. जानेवारीच्या रात्री आणि मे महिन्याच्या दुपारी त्याच खोलीत पंचवीस अंशांचा फरक पडू शकतो. ड्राय बाथ (व्हायल ठराविक तापमानाला ठेवणारा ठोकळा; उन्हाळ्यासाठी थंडही करणारा हवा) २५ अंशांवर लावा. एका व्हायलमधून १, २, ४, ८ आणि १६ तासांनी थोडं थोडं इंजेक्ट करून पीकची उंची कुठे सपाट होते ते एकदा काढून ठेवा. व्हायलला अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा.

रेड वाईनमधली पॉलिफिनॉल कॅपिलरीच्या भिंतीला चिकटतात आणि पीकला शेपटी येते. मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम पीव्हीपीपी (पॉलिफिनॉल धरून ठेवणारी न विरघळणारी पूड), दहा मिनिटं हलवून सेंट्रिफ्यूज. यात अमाइन तर जात नाही ना हे पाहायला त्याच वाईनमध्ये आधी लिटरला २ मिलिग्रॅम हिस्टामिन घालून परत किती मिळतं ते मोजा. ८० टक्क्यांच्या खाली आलं तर ही पायरी बदला.

६. बफर, कॅपिलरी, करंट

फ्लुरेसिनच्या तपासणीत यंत्र नापास झालं असेल तरच इथे या.

दोन्ही टोकांच्या व्हायलमधली बफरची पातळी सारखी आहे का? नसेल तर सायफनने प्रवाह लागतो आणि पीक पसरतो. विद्युतविघटनाने बफरचा पीएच हळूहळू बदलतो, तेव्हा सहा-आठ रनमागे व्हायल बदला. अमिनो आम्लांपासून वेगळं करायला बफरमध्ये एसडीएस (साबणासारखा पदार्थ) घातलं असेल तर दोन गोष्टी. थंडीत ते ढगाळ होऊन खाली बसतं. ३० अंशांपर्यंत कोमट करून, स्वच्छ झाल्यावरच गाळा. आणि एसडीएसच्या आसपास पोटॅशियम फिरकू देऊ नका. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने धुतलेल्या कॅपिलरीत एसडीएस गेलं की पोटॅशियमचा क्षार पांढरा साका धरतो आणि कॅपिलरी तुंबते.

मग करंट. वरच्या मापांत, एसडीएस नसताना, २० किलोव्होल्टला साधारण २० मायक्रोअँपिअर अपेक्षित आहे. ५, १०, १५, २०, २५ किलोव्होल्टला करंट टिपा. रेषा सरळ हवी. वर वळायला लागली तर कॅपिलरी तापतेय, व्होल्टेज उतरवा. एसी बंद पडल्यावर पीक आधी यायला लागले तर नवल नाही: अंशामागे चिकटपणा सुमारे २ टक्के कमी होतो.

करंट शून्य असेल तर बुडबुडा किंवा अडथळा. दाबाने पाणी ढकला आणि दुसऱ्या टोकाला थेंब येतो का ते भिंगातून बघा. येत नसेल तर उलट्या दिशेने ढकला. टोक भिंगाखाली तिरकं, चिरलेलं दिसलं तर क्लीव्हरने दोन-तीन मिलिमीटर सरळ कापा. धुण्याचा क्रम: ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ५ मिनिटं, पाणी २, बफर ५. नवी कॅपिलरी असेल तर १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड अर्धा तास. लाइट जाऊन रन मध्येच थांबला असेल तर दोन्ही टोकं आधी पाण्यात ठेवा. बफर आतच सुकला की खडा धरतो.

पावसाळ्यात करंट नाचत असेल तर इलेक्ट्रोडभोवती वाळलेल्या बोरॅक्सची पांढरी पुटं शोधा. दमट हवेत तीच वीज गळायची वाट होते. यंत्र बंद करा, प्लग काढा, ओल्या लिंटफ्री कापडाने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण कोरडं होऊ द्या.

इथे थांबा, इंजिनीअरला बोलवा

नवी कॅपिलरी, ताजा बफर, सरळ करंट आणि तरीही १० नॅनोमोलर फ्लुरेसिन बसलेलं: लेझरची ताकद, फिल्टर किंवा अलाइनमेंट. कव्हर उघडून स्वतः जुळवायला जाऊ नका. ४८८ नॅनोमीटरचा किरण डोळ्याचा पडदा जाळतो आणि शेजारीच ३० किलोव्होल्टपर्यंतचा पुरवठा असतो. ठिणगीचा आवाज, ओझोनचा वास, कूलंटची गळती, सेफ्टी इंटरलॉक न लागणं, यांपैकी एकही दिसलं तर मेन स्विच बंद करा आणि यंत्राला परत हात लावू नका.

आकडा निर्यातीच्या कागदांवर किंवा खरेदीदाराकडे जाणार असेल, आणि तपासणी ३ व ४ करूनही रिकव्हरी सुधारत नसेल, तर तो नमुना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवा. ती मान्यता याच चाचणीसाठी आहे का ते आधी विचारा.

इंजिनीअर येण्याआधी चार गोष्टी काढून ठेवा: चांगल्या दिवसाचा फ्लुरेसिनचा रन, आजचा रन, पाच व्होल्टेजचा करंटचा तक्ता आणि कॅपिलरी कधी बदलली ती तारीख. हे हातात असलं की त्याचा अर्धा दिवस आणि तुमचं व्हिजिट बिल वाचतं.